हातभर मागे

औषधांच्या दुकानात ती रांगेत उभी असताना पुढच्या बाईच्या पर्समधला फोन वाजला आणि ती दचकली. वाजलं ते तिने स्वतः गायलेलं गाणं होतं. खरं तर त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. गेल्या पाच-सहा वर्षांत तिची जुनी गाणी पुन्हा कुठेकुठे वाजायला लागली होती, लिफ्टमध्ये, केस कापायच्या दुकानात, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, तिचं स्वतःचं तोंड उघडं असताना. पण या बाईने, किंवा तिला रिंगटोन लावून देणाऱ्या कुणीतरी, गाणं भलत्याच ठिकाणी तोडलं होतं. कडव्याच्या शेवटी तो जो लांब सूर आहे, ज्याच्यासाठी लोक ते गाणं ऐकतात, त्याच्या बरोबर मधोमध. फोन वाजत होता तो त्या सुराच्या उत्तरार्धाने. म्हणजे पर्समधून येणारा आवाज तिचा नव्हताच. धाकटीचा होता, एकटीचा. चौदा वर्षांपूर्वी गेलेली तिची बहीण एका परक्या बाईच्या पर्समध्ये किल्ल्या आणि रुमालाच्या मधून गात होती, आणि सगळ्या जगात हे फक्त तिला कळत होतं. बाईला फोन सापडेना. ती चाचपडत राहिली आणि सूर संपला की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सापडला. फोनवर "हो, घेतेच आहे गोळ्या" असं सांगून बाई मागे वळून उगाच हसली आणि म्हणाली, काय दम आहे नाही या गाणाऱ्या बाईंचा, एका श्वासात आहे म्हणे ते. बाईने तिला ओळखलं नव्हतं. तिने मान हलवली. तिची पाळी आली तेव्हा आपल्याला कोणतं औषध हवंय ते तिला आठवेना.

घरी येऊन तिने भाचीला सांगितलं, त्या कार्यक्रमवाल्याला हो म्हण. भाची, म्हणजे धाकटीची मुलगी, तीन महिने त्या माणसाला काही ना काही सबब सांगून थकली होती. ती चमच्याने कपात ढवळत होती, ती थांबली. घशाचं काय, तिने विचारलं. कारण चौदा वर्षांपूर्वी सगळ्यांना हेच सांगितलं होतं, घसा गेला, डॉक्टरांनी गायला मनाई केलीय. वर्तमानपत्रात तसं छापूनही आलं होतं, आणि छापून आलेलं खोटं हळूहळू घरातही खरं होतं. बरा झालाय घसा, ती म्हणाली. भाचीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. ती चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे निरखून पाहणं तिच्या अंगातच होतं. पण तिने पुढे विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर काय सांगणार होती ती? खरं सांगायचं तर दुकानात उभ्या उभ्या तिला हेवा वाटला होता. आपल्याशिवायही तो सूर चालतो, इतका छान चालतो, हे ऐकून मेलेल्या बहिणीचा हेवा. मग लगेच स्वतःची लाज वाटली होती. आणि त्या दोन्हींच्या तळाशी एक जुनी शंका होती, जिला तिने चौदा वर्षं वर येऊ दिलं नव्हतं: ते गाणं मुळात माझं आहे का? एकटीने उभं राहून ते एकदा पुरं म्हटल्याशिवाय हे कळणार नव्हतं. वय एकसष्ट झालं होतं, फार वेळही उरला नव्हता.

त्या सुराची सुरुवात एका तापाने झाली होती. ती पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, ती तेव्हा सोळा वर्षांची होती, सगळ्यांना घाबरायची, आणि धाकटी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिच्या अंगात ताप होता. काचेपलीकडे बसलेल्या संगीतकाराला बावीस सेकंदांचा अखंड सूर हवा होता, आणि तिचा अकराव्या सेकंदाला तुटायचा. सात वेळा तुटला. वादक घड्याळ बघायला लागले. धाकटी तिच्याबरोबर नुसती सोबत म्हणून आली होती. गाण्याची वही धरून ती तिच्या मागे हातभर अंतरावर उभी होती. आठव्या वेळी सूर तुटायच्या जरा आधी मागून, डाव्या खांद्यावरून, तोच सूर आला. तितकाच उंच, तसाच उघडा. पहिल्यांदा अगदी बारीक, मग तिचा जसा कमी होत गेला तसा भरत गेलेला, दोन कापडं जोडताना शिवण आतल्या बाजूला लपवावी तसा. तिने श्वास घेतला. काचेपलीकडे संगीतकार उठून उभा राहिला आणि म्हणाला, काय दम आहे या मुलीचा. त्या वेळी एक वाक्य बोललं असतं तर काम भागलं असतं. बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या आणि बोलल्या नाहीत. हसण्यावारी नेलेली गोष्ट एकतीस वर्षं चालली. पुढे प्रत्येक गाण्यात लोकांना तो दम हवा झाला. संगीतकार मुद्दाम लांब सूर घालायला लागले. आणि प्रत्येक कार्यक्रमात धाकटी हातभर मागे वही धरून उभी राहायची, वहीच्या आड तोंड, दिव्यांच्या बाहेर. वादक तिला वहीवाली म्हणायचे. एवढी मोठी गायिका, तिला गाणी पाठ राहत नाहीत याची चेष्टाही करायचे, आणि ती चेष्टा दोघींच्या पथ्यावर पडायची. वहीत बऱ्याचदा नुसते कोरे कागद असत.

सराव सुरू झाला तेव्हा कळलं की आवाज ठीक आहे. थोडा खाली उतरलाय, काठाशी जरा खरखरीत झालाय, पण हलत नाही. बाकीची गाणी महिन्याभरात अंगात परत आली. ते एक मात्र येईना. दार-खिडक्या लावून ती त्या सुरावर चढायची, आणि अकराव्या सेकंदाला गळा आपोआप मिटायचा. दम संपायचा म्हणून नव्हे. छातीत अजून भरपूर हवा असायची. एकतीस वर्षं शरीराला तिथे थांबायची शिकवण मिळाली होती, आणि शरीर आपलं शिकलेलं विसरत नाही. ती थांबायची, आणि खोलीत एक भोक पडायचं. त्या भोकात शेजारच्यांचं वॉशिंग मशीन ऐकू यायचं. तिने आरशासमोर उभं राहून पाहिलं, भिंतीला पाठ टेकून पाहिलं, म्हणजे मागे कुणाला जागाच उरू नये. पाठ टेकली की उलट जास्तच मिटायचा. एकदा भाचीने बाहेरून विचारलं, मावशी, मध्येच का थांबतेस? ती म्हणाली, ठसका लागतो. मग भाची दाराशी उभी राहून हसत म्हणाली की बरं झालं बाई मी आईवर गेले, सूरच नाही म्हटल्यावर तो तुटायची भीती नाही. भाचीच्या शाळेत एकदा सगळ्या आयांनी मिळून गाणं म्हणायचं होतं. धाकटी रांगेच्या टोकाला उभी राहिली होती आणि तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. पाच वर्षांची भाची घरी येऊन रडली होती की माझी एकटीचीच आई मुकी. धाकटी हे हसून सांगायची. तिचा आवाज कुणी ओळखू नये म्हणून ती घरात गुणगुणतसुद्धा नसे, पाळण्यातल्या पोरीपुढेही नाही. हे तिने कधी सांगितलं नव्हतं; पण या बहिणीला ते माहीत होतं, आणि माहीत असून तिने ते चालू दिलं होतं.

धाकटीने काही मागितलं असतं तर बरं झालं असतं. मागितलं नाही, म्हणून तर नाही म्हणण्याचीही सोय राहिली नाही. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, बोलवत नव्हतं. नाकावर मास्क, त्यावर आतून वाफ यायची आणि जायची. दोन श्वासांच्या मधलं अंतर वाढत चाललं होतं, आणि कॉटशेजारी बसून ती त्या अंतरात आपला श्वास घालत होती, ठरवून नव्हे, सवयीने. धाकटीचा एक, तिचा एक. रात्र नव्हती, दुपारची तीनची वेळ, कॉरिडॉरमधून कुणीतरी भांड्यांची गाडी ढकलत होतं. एका वेळी तिने आपला श्वास घेतला, सोडला, आणि थांबली, आता तुझी पाळी म्हणून. धाकटीने घेतला नाही. ती थांबूनच राहिली. नर्स आली तेव्हा तिचे स्वतःचे ओठ निळे पडले होते, असं भाची नंतर सांगायची, आणि लोक म्हणायचे, किती जीव होता बहिणीवर. होताच. ते काही खोटं नव्हतं.

तालमीला कीबोर्डवाला होता, तिशीचा, हुशार, सगळ्याला "नो टेन्शन" म्हणणारा. तिचा सूर मध्ये थांबतो हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. त्याने अदबीने सुचवलं की जुन्या रेकॉर्डिंगचा तेवढा तुकडा खालून लावू या, हल्ली सगळेच लावतात, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. तिने नाही म्हटलं, इतक्या जोरात की तो दचकला. मग त्याने व्हायोलिनसारखा एक आवाज तयार केला आणि म्हणाला, तुम्ही थांबलात की मी हा भरतो. यावर तिने मान डोलावली. वेळ मारून नेता येईल एवढं तरी झालं. मागे उभ्या राहणाऱ्या कोरसच्या दोन मुलींना मात्र तिने बाजूला उभं केलं. माझ्या मागे कुणी नको, ती म्हणाली.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. नऊशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. पडदा उघडायच्या आधी ती रंगमंचावर गेली तर जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या दोन खुणा होत्या. एक माईकखाली, तिच्या पायांसाठी. दुसरी तिच्या मागे, हातभर अंतरावर, जरा डावीकडे. तिने साउंडवाल्याला विचारलं. हा म्हातारा तिला जुन्या दिवसांपासून ओळखत होता, केबल गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, दुसरी मी नाही लावली बाई, कालच्या नाटकाची राहिली असेल. त्याने नखाने ती उपटायचा प्रयत्न केला. निघाली नाही. राहू दे, ती म्हणाली. विंगेत भाची गरम पाण्याचा थर्मास घेऊन उभी होती, आठ-दहा पावलांवर, तिची आई कधीच उभी राहिली नव्हती अशा ठिकाणी, उजेडात.

पहिली तीन गाणी चांगली झाली. लोक उदारपणे टाळ्या वाजवत होते, म्हाताऱ्या माणसाला जिना चढताना हात द्यावा तसे. चौथं ते गाणं. नुसती सुरुवात वाजली आणि नऊशे माणसं एकदम श्वास रोखून बसली; तिला ते ऐकू आलं. पहिलं कडवं संपलं, ती सुरावर चढली, आणि चढताना तिला स्वच्छ दिसत होतं की पुढे भोक आहे आणि आपण त्यात पडणार आहोत. आठ. नऊ. मानेवर ऊब जाणवली. खोकल्याच्या गोळीचा वास आला, ती गोड-कडू गोळी जी धाकटी कार्यक्रमाआधी गालात ठेवायची. दहा. गळा मिटला. आणि सूर चालू राहिला. तिने कीबोर्डवाल्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात हवेत होते, खाली यायला निघालेले, तसेच थांबलेले, आणि चेहऱ्यावर भक्तिभाव. सूर डाव्या खांद्यावरून येत होता, माईककडे जात होता, सभागृहात भरत होता. मग तो हळूहळू बारीक झाला, तिला जागा देत, आणि तिच्या शरीराने आपली पाळी ओळखून पुढची ओळ उचलली. टाळ्यांचा नुसता कडकडाट.  मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या कडव्यानंतर तोच सूर पुन्हा होता. या वेळी तिने मुद्दाम केलं. नवव्या सेकंदालाच सोडून दिलं आणि ओठ घट्ट मिटले, दातांवर दात. सूर आला. आता तो जरा अधीर होता, वाट बघून कंटाळलेल्या माणसासारखा, आणि पूर्वीपेक्षा मोठा. तिने ओठ मिटून मोजलं, एक ते तेरा. पहिल्या रांगेतले लोक तिच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना काहीही वेगळं दिसत नव्हतं. एक गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. माणसाला ऐकू येतं तेच दिसतं, हे तिला त्या क्षणी कळलं. एवढी वर्षं आपण धाकटीला उगाच वही धरायला लावली; वही नसती तरी कुणाला दिसलं नसतं. तिने मान वळवली. विंगेत भाची थर्मास छातीशी धरून उभी होती. ती एकटीच तिच्या तोंडाकडे खरोखर बघत होती.

लोक उभे राहिले. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. कार्यक्रमवाल्याने आत येऊन तिचे दोन्ही हात धरले आणि अकरा शहरांची नावं घेतली, सगळीकडून आत्ताच फोन येत होते म्हणे. कुणीतरी म्हणालं, चौदा वर्षांत दम कमी व्हायचा सोडून वाढला. तिने साउंडवाल्याला गाठून हळूच विचारलं, रेकॉर्डिंग लावलं होतंत का? त्याचा चेहरा पडला. म्हणाला, तुम्ही नको म्हटल्यावर मी कशाला लावीन बाई, एकच माईक उघडा होता, तुमचा. मग म्हणाला, पूर्वी व्हायचं ना अगदी तसं झालं आज. त्याला काही माहीत होतं की नाही, हे त्याच्या डोळ्यांवरून कळलं नाही.

मेकअपच्या खोलीत भाचीने सगळ्यांना बाहेर काढलं आणि कडी लावली. आरशाभोवतीचे दिवे चालू होते, एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. भाचीने थर्मास टेबलावर ठेवला.

"मावशी, तुझं तोंड बंद होतं."

हल्ली सगळेच खालून काहीतरी लावतात, ती म्हणाली. भाची म्हणाली, मी त्या साउंडवाल्या काकांना विचारून आले. मग ती समोरच्या स्टुलावर बसली आणि दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं शांतपणे विचारलं, "कोण गात होतं?"

खोटं तयार होतं, जिभेवर आलंही होतं. पण इतक्या जवळून कुणी डोळ्यांत बघत असताना ते सांगणं तिच्या जिवावर आलं. "तुझी आई," ती म्हणाली.

"आईला गाता येत नव्हतं."

मग तिने सांगितलं. एकतीस वर्षं चार-पाच मिनिटांत सांगून झाली, याचंच तिला वाईट वाटलं. भाची रडली नाही, चिडलीही नाही. तिने काही साधे प्रश्न विचारले. सगळ्या गाण्यांत का? बाबांना माहीत होतं का? मी पाचवीत असताना तापाने फणफणले होते तेव्हा तू दौऱ्यावर होतीस आणि आई तुझ्याबरोबर होती, ती यासाठी? प्रत्येक प्रश्नाला तिने हो म्हटलं, किंवा नाही. यासाठी, हो. ती वाट बघत होती की आता पोर उठेल आणि दार उघडून बाहेर सगळ्यांना सांगेल. सांगू दे. तिला जवळजवळ तेच हवं होतं. भाची मात्र आपल्या हातांकडे बघत होती.

"सगळ्या जगाने ऐकलं तिला. ऐकायची मी एकटीच राहिले." मग वर न बघता म्हणाली, "तिला गायला सांग ना. एकदा. फक्त माझ्यासाठी."

ती अशी सांगून येत नाही गं, तिने समजावलं. मलाच माहीत नाही आज काय झालं ते.

"तू थांबलीस की येते ना? मग थांब." आणि भाचीने डोळे मिटून घेतले. मी बघत असले तर ती यायची नाही, असं काहीसं ती पुटपुटली. चौतीस वर्षांची बाई, पण मिटलेल्या डोळ्यांनी ती त्या शाळेतून आलेल्या पाच वर्षांच्या पोरीसारखी दिसत होती.

माईक नव्हता, वाद्यं नव्हती. तिने हळू आवाजात कडवं सुरू केलं. फॅनची घरघर आणि तिचा दिवसभराचा थकलेला आवाज. शेवटची ओळ आली, ती सुरावर चढली. सहा. सात. तिने सगळं लक्ष मानेवर ठेवलं. आठ. मान थंड होती. नऊ. या वेळेपर्यंत धाकटीचा सूर मागून बारीक सुरू झालेला असायचा. काहीच सुरू झालं नव्हतं. गोळीचा वास नव्हता, होता तो पावडरचा आणि तापलेल्या दिव्यांचा. मागे कुणीही नव्हतं, हे तिला इतकं स्पष्ट कळलं की त्या थंडपणानेच ती घाबरली. तिथे कार्यक्रमाला आलीस, आणि इथे तुझ्या पोरीसाठी नाही? दहा. समोर भाचीचा चेहरा वर झाला होता, ओठ किंचित उघडे, आता, आता. गळा मिटायला लागला. तिने मिटू दिला नाही. कुठलीतरी जुनी शिवण आतून उसवल्यासारखं दुखलं, आणि तिने आवाज बारीक केला, थोडा नाकात घेतला, हनुवटी उचलली धाकटी उचलायची तशी, आणि श्वास न घेता पलीकडे गेली. तिचाच आवाज तिला परका वाटत होता. बारा. पंधरा. छाती भाजत होती, आरशाभोवतीचे दिवे एकमेकांत मिसळत होते. आयुष्यात या सुरात ती इथवर कधी आलीच नव्हती. इथलं सगळं धाकटीचं होतं, तिला फक्त ऐकून माहीत असलेलं. एकोणीस. बावीस. तिने तो शेवटपर्यंत नेला आणि धाकटी ठेवायची तसा अलगद खाली ठेवला.

भाचीने डोळे उघडले. ते वाहत होते, आणि चेहरा इतका मोकळा तिने कधी पाहिला नव्हता.

"आईच ना?"

ती टेबलाची कड धरून उभी होती. हो म्हणायला तिच्याजवळ श्वास उरला नव्हता. तिने नुसती मान हलवली.